जमुनाचे कान

"घ्या शेषराव, आधी तुम्ही. आजचा मान तुमचा," म्हणत डॉक्टर वानखडेंनी पेढ्यांचा डबा पुढं केला, तेव्हा शेषरावाचे दोन्ही हात केळ्याच्या गरानं बरबटलेले होते. त्यानं ते घाईघाईनं अॅप्रनला पुसले, एक पेढा उचलला आणि खायचा कुठं हे न कळून तो तसाच धरून उभा राहिला. जनावरघरात खाण्यापिण्यास मनाई असल्याची पाटी बरोबर त्याच्या डोक्यावर होती, आणि ती डॉक्टरांनीच लावलेली होती.

"कायचे पेढे जी?"

"तुमच्या जमुनाचे."

जमुना तेव्हा पिंजऱ्यातल्या फळीवर बसून डिंकाचा खडा दातांनी खरवडत होती. खारीपेक्षा थोडी मोठी, कानांवर पांढऱ्या केसांचे झुपके, शेपटीवर काळे-पांढरे पट्टे. तिच्या जातीचं नाव मार्मोसेट. ते शेषरावाला सहा वर्षांत एकदाही सरळ उच्चारता आलं नव्हतं. कागदोपत्री ती 'मा-सात' होती. जमुना हे नाव शेषरावाचं.

"आपण तिला आवाज ऐकवतो ना," डॉक्टर म्हणाले, "तो रोज थोडा थोडा कमी करत नेतो. आवाज ऐकू आला की पडद्याला हात लावायचा, नाही आला तर गप्प बसायचं. एका टप्प्यानंतर तो आवाज कुठल्याच माकडाला ऐकू येत नाही. येऊच शकत नाही. बाकीची सगळी तिथं चुकतात. ही एकटी चुकत नाही. आठ महिने झाले, शंभरातून सत्त्याण्णव वेळा बरोबर! असं कान देऊन बसणारं माकड आजवर कुणी पाहिलेलं नाही, शेषराव."



"बाकीचे चुकतात?" त्यानं विचारलं. "मंग... चुकायलेच पाह्यजे होतं का जी?"

डॉक्टर मनमोकळं हसले. माणूस चांगला होता. कुणावर आवाज चढवायचा नाही, शिपायालाही अहोजाहो करायचा. "अहो, कुठं चुकतात तेच तर मोजतोय आपण! चुकू नये असं कोण म्हणालं तुम्हाला?"

तसं कुणीच म्हणालं नव्हतं. शेषरावानं ते आपलं आपणच ठरवलं होतं.

"आता खरं काम," डॉक्टर म्हणाले. "हिच्या मेंदूत असं काय आहे, ते बघायचं. समितीची परवानगी आली आहे. पुढच्या गुरुवारी अमरावतीहून मेंदूचे तज्ज्ञ डॉक्टर रोहित येतील."

"पाह्यचं म्हंजे कसं?" शेषरावानं विचारलं. एकोणतीस वर्षं नोकरी झालेल्या माणसानं विचारावा असा हा प्रश्न नव्हता.

डॉक्टरांनी डब्याचं झाकण लावलं. "तिला काही कळणार नाही. झोपेतच," ते म्हणाले आणि पुढच्या खोलीत पेढे वाटायला गेले.

पातूर रोडला, अकोल्याची वस्ती संपते तिथं हे संशोधन केंद्र होतं. शेषराव मूळचा पातूरकडचाच. नोकरीला लागला तेव्हा इथं माकडं नव्हती. पांढरे उंदीर होते, हजारांनी. तेवीस वर्षं त्यानं उंदीरघरात काढली. उंदरांना चक्रव्यूहासारख्या लाकडी वाटांतून सोडायचे, शेवटी शेंगदाण्याचा दाणा ठेवायचा, कोण किती दिवसांत वाट शिकतो ते साहेब लोक लिहून घ्यायचे. जे शिकायचे नाहीत त्यांच्या शेपटीला शाईची खूण व्हायची. शनिवारी दुपारी शेषराव ती खूणवाली उंदरं काचेच्या बरणीत घालायचा, झाकण घट्ट लावायचा आणि गॅसची कळ फिरवायचा. मग हात धुऊन घरी यायचा आणि व्यवस्थित जेवायचा. वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण कामच ते होतं, आणि कामाला नावं ठेवायची सोय कुणालाच नसते. तेवीस वर्षांत त्याला केंद्राचा एकच नियम नीट पाठ झाला होता. जे जनावर चुकतं, ते जातं.

मग सात माकडं आली, आणि त्याची बदली त्यांच्याकडं झाली. अकोल्यात मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं, पण त्यांच्या खोलीत बारा महिने एसी. "माकडाले एसी अन् मानसाले पंखा," असं केंद्रातला प्रत्येक माणूस महिन्यातून एकदा तरी म्हणायचा. या माकडांना डिंक लागतो. केंद्र तो परदेशातून डब्यांत मागवायचं, आणि ती त्याला तोंड लावायची नाहीत. शेषरावानं पातूरच्या डोंगरातून धावड्याचा डिंक आणून दिला तेव्हा सातही जणांनी जाळीला लटकून असा काही चिवचिवाट केला, की हर्षा बाजूच्या खोलीतून पळत आली. तिला वाटलं साप निघाला.

हर्षा म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली पीएचडी करणारी मुलगी. नांदगाव खंडेश्वरची. बाप चंद्रभान तिथल्या बाजारात वांगी-कोथिंबीर विकायचा, आणि आपली लेक माकडांना शिकवते असं सगळ्या गिऱ्हाइकांना सांगायचा. शेषरावाला ती काका म्हणायची. घरून सुट्टीहून आली की पिशवीभर भाजी थेट त्याच्या सायकलला अडकवून ठेवायची.

गेल्या श्रावणात जमुना तापानं फणफणली. दोन्ही कानांतून पू यायला लागला. औषधानं ताप गेला, पू थांबला, ती डिंक खायला लागली, आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. शेषरावाच्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली. तो सकाळी कडी काढायचा तेव्हा सगळी माकडं दाराकडं वळायची, जमुना वळायची नाही. एक दिवस त्यानं तिच्या पाठीमागं स्टीलचं ताट फरशीवर आपटलं. बाकीची जाळीला जाऊन चिकटली. जमुना डिंक खरवडत राहिली.

हे त्यानं त्याच दिवशी सांगायला हवं होतं. तो सांगणारही होता. पण त्याच आठवड्यात कुलदीपचं झालं. सातांतला एकटा नर, म्हणून शेषरावानं त्याचं नाव कुलदीप ठेवलेलं. या पठ्ठ्याचं लक्ष एका जागी ठरायचंच नाही. पडद्यावर ठिपका, कानावर आवाज, आणि हा आपला स्वतःची शेपटी बघत बसलेला. शेषराव दोन दिवसांच्या रजेवरून परत आला तर कुलदीपचा पिंजरा रिकामा, धुऊन वाळत ठेवलेला. कुणी काही बोललं नाही. त्यानंही विचारलं नाही. इतक्या वर्षांत रिकाम्या पिंजऱ्याबद्दल त्यानं कधी कुणाला विचारलं नव्हतं.

त्या दिवशी जमुनाच्या कानांबद्दल तो गप्प बसला, आणि गप्पच राहिला.

परीक्षेची खोली छोटी होती. मध्ये काचेची पेटी, पेटीत पडदा. हर्षा शेजारच्या खोलीत संगणकावर बसायची, आणि कॅमेऱ्यातून तिला पेटीतलं माकड तेवढं दिसायचं. माणसानं आत थांबायचं नाही असा नियम होता, पण आजारातून उठल्यापासून जमुनाला एकटं ठेवलं की ती किंचाळायची. बाकीच्यांचे आवाज येईनात, तेव्हा आपल्याला सगळ्यांनी टाकलं असं तिला वाटत असणार. म्हणून हर्षानं शेषरावाला कोपऱ्यात उभं राहायची परवानगी दिली. "फक्त बोलू नका, काका," एवढंच ती म्हणाली. तो एक शब्दही बोलला नाही.

यंत्राच्या पाठीमागच्या बाजूला एक हिरवा दिवा होता. आवाज वाजला की तो लागायचा. परीक्षेआधी यंत्र आणि बक्षिसाच्या गोड पाण्याची नळी नीट चालते ना, हे शेषरावानं तपासावं, एवढ्यासाठी तो होता. पहिल्या दिवशी दिवा लागला आणि जमुना नुसती शेषरावाच्या तोंडाकडं बघत बसली. पुन्हा लागला, पुन्हा तेच. गॅदरिंगमध्ये पोरगं भाषण विसरलं की खाली बसलेला बाप जसा हनुवटी उडवून सुचवतो, तशी शेषरावाची हनुवटी आपोआप वर उडाली. मार ना हात! जमुना वळली आणि तिनं पडद्याला हात लावला. नळीतून गोड थेंब आला.

चार दिवसांत ती पक्की शिकली. दिवा लागला की शेषरावाची हनुवटी उडायची, हनुवटी उडाली की तिचा हात. पेटीत शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत ती त्याच्या तोंडावरून नजर हलवायची नाही. पुढं पुढं शेषरावाला तो आवाज स्वतःलाही ऐकू येईनासा झाला. वयानं आपलेच कान गेले असतील, असं समजून तो अधिक डोळे ताणून दिव्याकडं बघायला लागला. एकही दिवा चुकू द्यायचा नाही. चुकली तर जाईल. आठ महिने हा माणूस रोज दोन तास त्या कोपऱ्यात जीव मुठीत धरून उभा राहिला, आणि रोज संध्याकाळी सायकलवर गाणं गुणगुणत घरी गेला. जन्मात पहिल्यांदा तो कुणाला तरी बरणीपासून लांब ठेवत होता.

पेढा खिशात तसाच घेऊन तो हर्षाच्या खोलीत गेला. ती खुशीत होती.

"काका, सर म्हनत होते का माह्या प्रबंधात आता जमुनाचाच मोठा भाग राहीन. बाबाले फोन केला मी. ते तं रडलेच."

"हर्षा," तो म्हणाला, "जे चुकतात ना, त्याह्यले कधी नेतात? आता बाकीच्या पाचीले बी नेतीन का?"

"कुठं?"

"कुलदीपले नेलं तिथं."

हर्षा हसली. "तुमाले फोटो दाखवला नाई का मी? थांबा." तिनं मोबाइल काढला आणि त्याच्यापुढं धरला. जाळीचं मोठं थोरलं आवार होतं, आत जांभळाचं झाड, आणि फांदीवर, स्वतःच्या शेपटीकडं टक लावून, कुलदीप. "अमरावतीपाशी जनावरांचा आश्रम हाये ना, तिथं ठेवला त्याले. माकडाले असं कोनी मारत नाई, काका. चुकलं तं परीक्षेतून काढून टाकतात अन् तिथं पाठवतात. फक्त ज्याचा मेंदू पाह्यचा राह्यते, त्यालेच..."

ती पुढं बोलली नाही, कारण शेषराव खुर्चीवर बसला होता. हर्षासमोर खुर्चीवर तो आजवर कधी बसला नव्हता.

"काका? बरं वाटून नाई राह्यलं का?"

"म्हंजे थे चुकली असती," शेषराव म्हणाला, "तं वाचली असती."

आणि त्यानं तिला सगळं सांगितलं. ताट आपटलं ते, दिवा, हनुवटी. हर्षाला आधी ती थट्टा वाटली. मग ती चिडली. "असं कसं होईन? सत्त्याण्णव टक्के हाये ते, काका! अन् मंग तीन खेपा काहून चुकली थे?"

"मले शिंक आली असन," शेषराव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पेटी आणि कोपरा यांच्यामध्ये काळा पडदा लावला. चाळीस वेळा आवाज वाजला. सुरुवातीला हर्षानं तो मोठा ठेवला, मग इतका मोठा केला की बाहेरचा पहारेकरी दारात डोकावून गेला. जमुनानं एकदाही हात उचलला नाही. ती काळ्या पडद्याकडच्या काचेला नाक लावून बसली होती आणि पडद्याच्या कडेनं कुठं फट दिसते का ते बघत होती. मग तिनं ती किंकाळी फोडली, आणि पडद्यामागं उभ्या शेषरावानं तोंडात रुमाल कोंबला.

हर्षा बराच वेळ संगणकापुढून उठली नाही. उठली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

"काका, माह्ये चार वर्षं हायेत याच्यात. हे बाहेर पडलं तं माह्यापाशी काईच राहत नाई. लोक म्हनतीन पोट्टीनं खोटं केलं. मी नाई केलं खोटं."

"तू नाई केलं वं माय. मी केलं."

"कोनाले सांगू नका."

"गुरुवारी नेतीन तिले."

"मले मालूम हाये," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

तिच्यावर रागवायचं म्हणून शेषराव फार प्रयत्न करून बघत होता, पण राग येईना. बाजारात वांग्यांच्या ढिगामागं बसून रडणारा चंद्रभान त्याच्या डोळ्यांपुढं येत होता. एकीकडं ती पोरगी, एकीकडं ओंजळीत मावेल एवढं जनावर. माणूस आणि माकड यांत काय निवडायचं हे सांगायला कुणा शहाण्याची गरज नाही. तरीही तीन दिवस त्याला घास गिळेना. शेवटी मंगळवारी बायकोनं, माणिकबाईनं, ताट पुढून ओढून घेतलं आणि काय झालं ते वदवून घेतलं. तिनं सगळं ऐकलं. ती काही मऊ बोलणारी बाई नव्हती.

"एकोनतीस वर्षांत तुमी कोनाचा जीव वाचवला का?" तिनं विचारलं.

"नाई."

"मंग एक तं वाचवा."

"पोरीचं काय?"

"पोरगी जितीच राहीन," माणिकबाई म्हणाली, आणि ताट परत त्याच्यापुढं सरकवलं.

बुधवारी सकाळी तो आधी हर्षाकडं गेला. "मी सायबाले सांगून राह्यलो. तुह्यं नाव येऊ देत नाई," असं म्हणाला. ती त्याच्या मागोमाग डॉक्टरांच्या खोलीत आली आणि दाराशी उभी राहिली. एवढं धैर्य तिच्यात होतं, हे इथं सांगितलं पाहिजे.

डॉक्टर वानखडेंनी मधे एकदाही न अडवता ऐकून घेतलं. मग उठून परीक्षेच्या खोलीत गेले. पडदा लावून बघितलं, पडदा काढून बघितलं. शेषरावाला हनुवटी हलवायला लावली, मग थांबायला लावलं. परत येऊन खुर्चीत बसले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हर्षा, तो सगळा भाग काढावा लागेल," ते म्हणाले. "नवीन काम उभं करायला दोन वर्षं लागतील. मी विद्यापीठाला लिहीन की तुझी चूक नव्हती. पण मुदतवाढ मिळेल की नाही, मी सांगू शकत नाही." मग शेषरावाकडं वळले. "तुमच्यावर कारवाई करायला हवी. पण तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत. दुसरा माणूस सांगता ना."

"माह्यं काय व्हायचं ते होऊ द्या जी," शेषराव म्हणाला. त्यानं हात जोडले होते. "फक्त जमुनाले अमरावतीले पाठवजा. कुलदीपपाशी. थे तं नापास झाली ना आता?"

डॉक्टरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग ते बोलायला लागले, आणि बोलता बोलता त्यांचा आवाज हळूहळू बदलत गेला. पेढे वाटतानाचा तो आवाज परत आला.

"शेषराव, तुमच्या लक्षात येतंय का काय झालंय ते? हिचे कान गेले. आणि हिनं काय केलं? सगळं लक्ष डोळ्यांत आणलं. चार हातांवरच्या माणसाची हनुवटी हलते न हलते, तोवर हिचा हात पडद्यावर! मेंदूतली कानांची जागा डोळ्यांनी घेतली असणार, तेही या वयात. ही गोष्ट आधीच्यापेक्षा मोठी आहे. कितीतरी मोठी." ते थांबले. शेषरावाचे जोडलेले हात त्यांना दिसले असावेत. "परवानगीच्या कागदावर तिचाच क्रमांक आहे. रोहित निघालेत तिकडून. आणि आश्रमवाले बहिरं जनावर घेत नाहीत, बाकीची त्याला जगू देत नाहीत. मला वाईट वाटतं, शेषराव. खरंच वाटतं."

आणि त्यांना खरंच वाटत होतं. तीच तर अडचण होती. समोर दुष्ट माणूस असता तर शेषराव त्याला दोन शिव्या तरी देऊ शकला असता.

व्हरांड्यात हर्षानं त्याला गाठलं.

"तुमी सांगतलं नसतं तरी थे गेलीच असती," ती म्हणाली. "निदान माह्यं तरी राह्यलं असतं."

  तो खाली मान घालून उभा राहिला, आणि ती निघून गेली.

गुरुवारी रोहित आले. तरुण होते, हात स्वच्छ होते, वागायला नीट होते. जमुनाला धरायला त्यांनी जाड चामडी हातमोजे बाहेर काढले, तेव्हा शेषराव म्हणाला, "मी धरतो जी."

"तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल, काका. तुम्हाला त्रास होईल."

"मीच धरतो."

पिंजऱ्याचं दार उघडताच ती आपणहून त्याच्या मनगटावर चढली. त्यानं तिला दोन्ही हातांत घेऊन टेबलाशी धरलं. तिचं वजन एवढं कमी होतं की हात रिकामेच आहेत असं वाटावं. तिनं त्याचा अंगठा मुठीत धरला आणि मान वर केली. रोहितनी सुई भरली. काचेच्या कपाटाच्या दाराचा आवाज झाला, ट्रे खणखणला, कुणीतरी खुर्ची ओढली.

"कमाल आहे," रोहित म्हणाले. "सुई दिसली की ही माकडं थयथयाट करतात. हिचं तर इकडं लक्षच नाही."

डॉक्टर वानखडे भिंतीशी उभे होते. 

सगळं मिळून पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तिचं अंग आधी जड झालं, म्हणजे इतकं हलकं अंग जेवढं जड होऊ शकतं तेवढं, आणि मग डोळे अर्धे मिटले. "सोडा आता, शेषराव," डॉक्टर हळूच म्हणाले. पण तिची मूठ अजून त्याच्या अंगठ्याभोवती होती. ती चार बारीक बोटं त्यानं एक एक करून सोडवली, आणि दार लोटून बाहेर आला.

बाहेर बाराचं ऊन तापलं होतं. पायरीवर हर्षा बसली होती. नांदगावला घेऊन जायची बॅग तिच्या शेजारी होती. तिनं ती बॅग उचलून पलीकडं ठेवली, आणि शेषराव त्या जागेवर बसला. 

"झालं?"

"झालं."

"तरास झाला का तिले?"

"नाई. सुईकडं पाह्यलंच नाई तिनं. माह्या तोंडाकडं पाहून राह्यली होती."

हर्षानं ओढणीनं डोळे पुसले. "लास्टपर्यंत?"

"हाव. वाट पाहून राह्यली होती." पायरीवर बसल्यापासून शेषरावानं आपली हनुवटी हातानं घट्ट धरली होती. ती अजूनही त्यानं सोडली नव्हती. "मी हालू देली नाई. हालली असती तं तिनं हात पुढं केला असता, पोरी. अन् पुढं तं काईच नवतं."